न्यूझीलंडमध्ये एकट्याने फिरायला छोटी कॅम्पर व्हॅन घेताय? या चुका टाळा

न्यूझीलंडमध्ये पाच-सहा महिने एकट्याने फिरायचं म्हटलं की भाड्याच्या व्हॅनचा खर्च झेपत नाही आणि सेकंड हँड व्हॅन घ्यायचा विचार मनात येतो. विचार योग्यच आहे. तिथेही गाड्या उजव्या स्टिअरिंगच्या, रस्त्याची बाजू डावीच, आणि पर्यटक म्हणून गेलेल्या माणसालाही गाडी स्वतःच्या नावावर करता येते. गडबड होते ती गाडी बघताना. दिव्यांच्या माळा, लाकडी फळ्या आणि पडदे बघून माणूस हरखतो, आणि खालचं यंत्र बघायचं राहून जातं. माझं स्पष्ट मत आहे की अशी व्हॅन रात्रीच्या हिशेबाने निवडावी. ती रात्री कुठे उभी करता येईल, आत धड झोप लागेल का, आणि मध्यरात्री काही बिघडलं तर एकट्या माणसाला काय करता येईल, हे आधी बघावं.

निळं कार्ड बघून निर्धास्त होऊ नका

‘सेल्फ-कंटेन्ड’ हा शब्द जाहिरातीत हमखास असतो. म्हणजे पाणी, सांडपाणी आणि संडास यांची सोय गाडीतच आहे. नगरपालिकांच्या अनेक फुकट जागांवर मुक्काम करायला तशी सोय असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे गाडीचं कार्ड, लागतं. २०२३ साली कायदा बदलला. पूर्वी सीटखाली सरकवलेल्या सुट्या, उचलून नेता येणाऱ्या संडासावर निळं कार्ड मिळायचं. आता हिरवं कार्ड लागतं आणि त्यासाठी संडास गाडीला कायमचा बसवलेला हवा. खाजगी गाड्यांची निळी कार्डं ७ जून २०२६ पर्यंतच ग्राह्य. विक्रेता निळं कार्ड दाखवून ‘सगळं ओके आहे’ म्हणाला, तर त्या बोलण्यावर जाऊ नका.

छोट्या व्हॅनची खरी कसोटी पुढेच आहे. बिछाना पूर्ण घातलेला असतानाही संडास आत बसून वापरता आला पाहिजे, असा नियम आहे. म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा बिछाना घालायला लावा, दार बंद करा आणि खरोखर बसून बघा. डोकं छताला आणि कोपर कपाटाला लागत असेल, तर कार्ड असूनही तुम्ही तो संडास वापरणार नाही. शिवाय माणशी तीन दिवसांचं म्हणजे १२ लिटर पाणी मावायला हवं, आणि सिंकचं पाणी बंद टाकीत जायला हवं. नियम मोडून मुक्काम केला तर दंड ४०० न्यूझीलंड डॉलरपासून सुरू होतो.

हिरवं कार्ड नसलेली व्हॅन घेऊच नये असं मात्र नाही. संवर्धन विभागाच्या साध्या कॅम्पसाइटवर थोडे पैसे भरून राहता येतं, आणि अनेक ठिकाणी तिथे संडास असतो. तशा गाडीची किंमत त्या मानाने कमी असायला हवी, इतकंच.

वॉफ आहे म्हणजे गाडी ठणठणीत, असं समजू नका

‘वॉरंट ऑफ फिटनेस’ या तपासणीच्या दाखल्याला तिकडे सगळे वॉफ म्हणतात. त्यात टायर, ब्रेक, दिवे, सीटबेल्ट आणि सांगाड्याचा गंज तपासतात. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स तपासत नाहीत. त्यामुळे नव्या कोऱ्या वॉफची गाडी पुढच्या आठवड्यात घाटात बसू शकते. विकताना वॉफ एक महिन्याच्या आतला असावा असा नियम आहे. तो मागाच, पण पैसे देण्याआधी वेगळी तपासणी करून घ्या. विक्रेत्याच्या ओळखीच्या गॅरेजात नको.

स्वतः बघायच्या गोष्टी फार नाहीत. पोचल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर गाडी आधीच चालू करून ठेवली आहे आणि थंड इंजिन कसं सुरू होतं ते तुम्हाला दिसणार नाही; दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. ऑइलचं झाकण उघडून आतून बघा. पांढुरका चिकट थर दिसला, तर पाणी आणि तेल एकत्र होत असल्याची शंका घ्या. स्लायडिंग दाराखालचा पत्रा अंगठ्याने दाबा, पायाखालची चटई उचला. किनाऱ्यालगत आयुष्य गेलेल्या गाड्यांना गंज तिथेच धरतो आणि वरच्या ताज्या रंगाने तो झाकलेला असतो. टायमिंग बेल्टचं इंजिन असेल, तर बेल्ट कधी बदलला याची पावती मागा. तोंडी उत्तर म्हणजे बदललेला नाही असं धरून चाला. २.४ लिटरच्या जुन्या टोयोटा एस्टिमा व्हॅन ऑइल खातात अशी त्यांची ख्याती आहे, तेव्हा डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघितल्याशिवाय पुढचं बोलूच नका.

आणि पीपीएसआर, म्हणजे तारणकर्जांची सरकारी नोंदवही. गाडीवर कर्ज नोंदलेलं आहे का हे काही डॉलरमध्ये ऑनलाइन कळतं. खाजगी विक्रेत्याकडून घेतलेल्या गाडीवर कर्ज निघालं, तर कर्ज देणारी कंपनी ती तुमच्या ताब्यातूनही उचलून नेऊ शकते. डीलरकडून घेतल्यावर जे ग्राहक संरक्षण मिळतं, ते खाजगी व्यवहारात मिळत नाही.

डिझेल स्वस्त दिसतं म्हणून भुलू नका

पंपावर डिझेलचा भाव कमी असतो, कारण पेट्रोलच्या भावात रस्त्याचा कर आधीच धरलेला असतो आणि डिझेलच्या नसतो. डिझेल गाडीला दर १००० किलोमीटरचा कर आगाऊ भरावा लागतो. हलक्या गाडीला तो ७६ डॉलर, म्हणजे दहा हजार किलोमीटर फिरलात तर ७६० डॉलर. काचेवरच्या कराच्या लेबलवरचा शेवटचा आकडा आणि मीटरवरचा आकडा ताडून बघा. मीटर पुढे गेलं असेल तर थकबाकी आहे, आणि ती तुमच्या गळ्यात पडू नये म्हणून किमतीतून आधीच वजा करून घ्या.

झोपून बघा, फोडणीचा विचार करा

जपानहून आलेल्या अनेक छोट्या व्हॅन १.७ मीटरच्या आत रुंद असतात. आतली रुंदी त्याहून कमी, त्यामुळे आडवं झोपायची मांडणी फोटोत छान दिसली तरी साडेपाच फुटांच्या माणसालाही पाय दुमडावे लागतात. बिछाना लांबीच्या दिशेनेच हवा. एकट्या माणसासाठी मी आणखी एक अट घालेन: बिछान्यावरून खाली न उतरता ड्रायव्हरच्या सीटवर जाता आलं पाहिजे. रात्री कोणी दार वाजवलं, तर बाहेर पाय न ठेवता गाडी चालू करून निघता यावं. मधे पक्की भिंत असेल, तर ती व्हॅन कितीही सुंदर असली तरी सोडून द्या.

स्वयंपाकाचा ओटा मागच्या दाराशी असावा की आत, यावर आपल्या माणसाने नीट विचार करावा. आत मोहरी-हिंगाची फोडणी दिली की वास पांघरुणात दोन-तीन दिवस राहतो आणि कुकरची वाफ काचांवर बसते. मागे, बाहेर उभं राहून शिजवावं म्हटलं, तर दक्षिण बेटावरच्या फियोर्डलँड आणि पश्चिम किनाऱ्यावर पाऊस असतो, आणि पाऊस थांबला की सँडफ्लाय येतात. त्या बारीक माश्या चावल्या की खाज जाता जात नाही. मला विचाराल तर बाजूच्या दाराशी ओटा आणि दाराला जाळी, ही मांडणी सगळ्यात सोयीची.

फ्रिज पहाटे बंद पडतो, सकाळी काचा ओल्या असतात

नव्याने व्हॅनमध्ये राहणाऱ्यांच्या या नेहमीच्या तक्रारी. फ्रिज बंद पडला की फ्रिजलाच दोष देतात, पण बहुतेकदा बॅटरी थकलेली असते. साधा व्होल्टमीटर जवळ ठेवा. नेहमीची लेड बॅटरी काही तास आराम दिल्यावर १२.७ च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. १०० अँपिअर-अवरची अशी बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, म्हणजे वापरायला मिळतात ५०. गाडी दिवसभर चालवूनही आकडा वर जात नसेल, तर इंजिनकडून चार्ज होणारी जोडणी आणि फ्यूज बघा. सोलर पॅनेल नंतर.

काचा ओल्या होतात त्या तुमच्या श्वासामुळे. थंडीतही खिडकी दोन बोटं उघडी ठेवा आणि गादीखाली फळ्यांची जाळी ठेवा, नाहीतर गादी खालून बुरशी धरते. ऊब मिळावी म्हणून बंद व्हॅनमध्ये गॅसची शेगडी कधीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि शेजारी उठवायला कोणी नसतं. अलार्म स्वस्त मिळतो. तो बिछान्याजवळ लावा आणि बटण दाबून दर आठवड्याला वाजवून बघा.

विकायचा दिवस आधी ठरवा

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सगळे घेतात, एप्रिल-मेमध्ये सगळे विकतात, त्यामुळे तिथल्या उन्हाळ्याच्या तोंडावर घेऊन तो संपल्यावर विकणाऱ्याला दोन्हीकडून फटका बसतो. तिथल्या थंडीच्या शेवटी, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात, घेता आली तर उत्तम. नाहीतर परतीच्या विमानाआधी तीन-चार आठवडे हातात ठेवा आणि ऑकलंड किंवा क्राइस्टचर्चमध्ये विका.

विमा तिथे सक्तीचा नाही. अपघातात झालेल्या इजेच्या उपचारांसाठी एसीसी ही सरकारी योजना परदेशी पाहुण्यांनाही मदत करते. पण तुम्ही कोणाची गाडी ठोकलीत तर ते नुकसान तुमच्या खिशातून जाईल, म्हणून निदान थर्ड पार्टी विमा घ्याच. विकताना मालकी बदलल्याची नोंद फक्त खरेदीदाराने करून भागत नाही, विक्रेत्यालाही ती करावी लागते. पैसे खात्यात जमा झाले की त्याच दिवशी, खरेदीदार समोर असतानाच ती करा. नाहीतर तुम्ही पुण्याला पोचल्यावरही त्या गाडीचे टोल आणि पार्किंगचे दंड तुमच्याच नावावर निघत राहतील.