लायलॅक उन्हात, लंगवर्ट त्याच्या सावलीत

न्यू जर्सी, टोरांटोसारख्या थंड भागात अंगण असेल तर लायलॅक हे सुवासिक फुलांचं झुडूप आणि लंगवर्ट हे बुटकं फुलझाड, ही दोन्ही जरूर लावा, पण एकाच मापाने मोजू नका. लायलॅकला रोज किमान 6 तास ऊन आणि पाणी न साचणारी जमीन हवी. छाटणी फुलं सुकली की लगेच करा. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यातच धरतात, उशिरा कात्री लावलीत तर त्याच कापल्या जातात. फार वाईट वाटतं तेव्हा!

लंगवर्ट जेमतेम फूटभर. पानांवर पांढरे ठिपके, फुलं गुलाबी उमलून निळी होतात. त्याला सावली आणि ओलसर माती लागते. दुपारच्या उन्हात पानं लगेच माना टाकतात. म्हणून लायलॅकच्या उत्तरेला लावा. बहरानंतर पानांवर भुरी (पांढरी बुरशी) दिसली तर बुडाशी कापा, नवी फुटतात.