मन बरं होतंय का, हे कसं तपासावं

डॉक्टरांनी किंवा समुपदेशकांनी "आता कसं वाटतंय?" असं विचारलं, की बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: "तसंच आहे." हे उत्तर महिन्याभराचं नसून त्या सकाळचं असतं. येताना रिक्षावाल्याशी वाजलं असेल, तर अख्खा महिना वाईट गेल्यासारखा वाटतो. उदास मनाला उदास गोष्टीच आधी आठवतात. म्हणून औषध चालू असो, समुपदेशन असो किंवा आपलं आपणच काही सवयी लावून घेणं असो, फरक पडतोय का हे आठवणीवर सोडू नये. लिहून ठेवावं. मात्र थोडकं लिहावं आणि क्वचित वाचावं. पानंच्या पानं लिहिणारे आणि रोज आकडे तपासणारे लोक बहुधा दहाव्या दिवशी वही मिटतात.

१. काय बदलायला हवं, ते ठरवा

"आनंदी व्हायचंय" ही गोष्ट नोंदवता येत नाही. शेजारच्या माणसाला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी निवडा. सकाळी सातला अंथरूण सोडायचं. बहिणीचा फोन आला की कट करायचा नाही. लोकलमध्ये छाती धडधडली तरी मधल्या स्टेशनवर उतरायचं नाही. अशी एक गोष्ट पुरे, फार तर दोन.

२. सुरुवातीचा आकडा काढा

इथे घरगुती मापापेक्षा तपासून घेतलेलं माप वापरलेलं बरं. नैराश्यासाठी जगभरचे डॉक्टर 'पीएचक्यू-९' ही प्रश्नावली वापरतात. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली आणि २००१ साली तिचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ती वापरायला पैसे पडत नाहीत.

तिच्यात नऊ प्रश्न आहेत: कामात रस वाटेनासा झालाय का, मन खिन्न असतं का, झोप, थकवा, भूक, स्वतःबद्दल वाईट वाटणं, एकाग्रता, हालचाली मंदावणं किंवा अस्वस्थ येरझारा, आणि मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार. प्रत्येक उत्तर मागच्या दोन आठवड्यांबद्दल द्यायचं. अजिबात नाही म्हणजे ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. बेरीज २७ पर्यंत जाते. ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र आणि २० पासून तीव्र त्रास धरतात. चिंतेचा त्रास मुख्य असेल तर याच धर्तीची सात प्रश्नांची 'जीएडी-७' घ्या. तिची बेरीज २१ पर्यंत जाते.

या आकड्याने निदान होत नाही. १० किंवा त्याहून जास्त आला तर डॉक्टरांना भेटायचं, एवढाच त्याचा अर्थ. थायरॉइड कमी पडणं किंवा बी-१२ ची कमतरता यांनीही माणूस असाच गळून जातो, तेव्हा ते रक्ताच्या तपासणीबद्दलही विचार करतील. नवव्या प्रश्नाचं उत्तर मात्र शून्याखेरीज काहीही आलं, तर बेरीज बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. सरकारची 'टेली-मानस' ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येतं.

३. रोज एक ओळ लिहा

भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचे खाडे लिहितो, तेवढीच ही नोंद असावी. फक्त ती भिंतीवर नको. घरात येणारा-जाणारा प्रत्येक जण कॅलेंडर वाचतो, आणि "हे 'मन ३' काय गं?" असं सासूबाईंनी विचारलं की दुसऱ्या दिवसापासून आपण खोटे आकडे लिहू लागतो. खिशातली छोटी डायरी किंवा फोनमधली कुलूपबंद नोंद चालेल.

ओळीत चार गोष्टी येतात: झोप, मनाचा ० ते १० आकडा, ठरवलेली गोष्ट केली की नाही, आणि त्या दिवसाचं एखादं कारण. उदाहरणार्थ: "मंगळ. झोप ११.३० ते ५, दोनदा जाग. मन ४. चालणं हो. ऑफिसात ऑडिट." गोळी चुकली, दारू घेतली, पाळी सुरू झाली, तर तेही लिहा. पाळीच्या आदल्या आठवड्यातच मन दर वेळी खचतं, हे कित्येक बायकांना असं लिहिल्यावरच कळतं.

दोन पथ्यं पाळा. पहिलं, वेळ एकच ठेवा. नैराश्यात पुष्कळांना सकाळ जड जाते आणि संध्याकाळी जरा हलकं वाटतं. आज सकाळी आणि उद्या रात्री लिहिलं तर आकड्यांची तुलनाच होत नाही. रात्रीच्या जेवणानंतरची वेळ सोयीची पडते. दुसरं, पहिल्या पानावर आपल्या आकड्यांचा अर्थ लिहून ठेवा. "२ म्हणजे आंघोळही नको वाटते. ५ म्हणजे काम होतं पण बोलणं नको. ७ म्हणजे कुणाला तरी आपणहून फोन करावासा वाटतो." हे नसेल, तर एप्रिलमधला ५ आणि जूनमधला ५ एकच आहेत की नाहीत, हे सांगता येत नाही.

या चारांत मला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो 'हो–नाही'चा रकाना. मन सुधारल्यावर माणूस हिंडू-फिरू लागतो असं आपण धरून चालतो, पण नैराश्याच्या उपचारात पुष्कळदा क्रम उलटा लावतात: आधी ठरवलेलं काम करायचं, मनाने मागून यायचं. त्यामुळे मनाचा आकडा चारवरच अडलेला दिसतो, आणि 'हो' मात्र आठवड्याला दोनचे पाच झालेले असतात. "तसंच आहे" म्हणणाऱ्याला ही वाढ दिसत नाही. डायरीत ती दिसते.

४. पंधरा दिवसांनीच बघा

रोजच्या चढ-उतारावरून काहीही ठरवू नका. ऑडिटच्या आठवड्यात मन खाली जाणारच. पंधरवडा झाला की मनाची सरासरी, 'हो' किती आणि तुटक झोपेच्या रात्री किती, ही तीन गणितं करा आणि प्रश्नावली पुन्हा भरा. बेरीज पाच किंवा अधिक गुणांनी उतरली असेल तर फरक खरा मानायला हरकत नाही. एक-दोन गुण इकडेतिकडे होतच असतात.

पहिल्या सुधारणेने मात्र हुरळू नये. माणूस बहुधा सगळ्यात वाईट काळात वही उघडतो, आणि तिथून थोडं वर येणं काही न करताही घडतं. दुसऱ्या-तिसऱ्या पंधरवड्यातही आकडा टिकला, तर तो उपायाचा गुण म्हणावा.

एका ठिकाणी वाढलेला आकडा ही वाईट बातमी असते. रात्री तीनच तास झोप, तरी थकवा नाही, मन १०, डोक्यात कल्पनांची गर्दी, हातून सढळ खर्च, आणि हे असंच चार-पाच दिवस चाललंय, तर ती प्रगती समजू नका. हे उन्मादाचं लक्षण असू शकतं. पीएचक्यू-९ ते पकडत नाही, उलट छान आकडा दाखवते. पंधरवड्याची वाट न बघता डॉक्टरांना गाठा.

५. नोंद कामाला लावा

भेटीला जाताना सगळी वही नेऊ नका, ती चाळायला डॉक्टरांना वेळ नसतो. अर्ध्या पानावर प्रश्नावलीचे आकडे तारखांसह, झोप आणि चुकलेल्या गोळ्या एवढं लिहून न्या. नैराश्याच्या औषधांचा पुरता गुण यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यात "काही उपयोग नाही" म्हणून ती सोडू नका. सहा-आठ आठवडे नेमाने घेऊनही आकडा हलला नसेल, तर मात्र तो कागद पुढे ठेवून स्पष्ट विचारा: मात्रा बदलायची का, औषध बदलायचं का, सोबत समुपदेशन हवं का?

काहींना नोंदीचाच त्रास होतो. मनगटावरच्या घड्याळाने झोप कमी दाखवली म्हणून दिवसभर धास्तावणारे लोक आहेत. चुकीचा आकडा लिहिला की काय, म्हणून पुन्हा पुन्हा पान उघडणारेही आहेत. तुमचं तसं होत असेल तर रोजची ओळ बंद करून फक्त पंधरवड्याची प्रश्नावली ठेवा.

बेरीज दोन-तीन महिने पाचाच्या खाली राहिली, तर रोजची ओळ सगळ्यांनीच थांबवावी. औषध मात्र त्या आकड्यावरून थांबवू नये, ते डॉक्टरांना विचारूनच. वही ठेवून देण्याआधी मागची पानं एकदा चाळा आणि घसरण सुरू होताना पहिल्यांदा काय बिघडलं ते शोधा. कुणाची पहाटे चारला जाग येऊ लागते, कुणाचे फोन घ्यायचे राहतात, कुणाची दाढी. आपल्या अशा दोन-तीन खुणा कागदावर उतरवा आणि तो कागद घरातल्या एका विश्वासाच्या माणसाकडे द्या. आपल्या आधी बहुधा त्यालाच त्या दिसतात.