पत्रिकेत ‘मॉडरेटर’ला काय म्हणायचं आणि ते काम कसं करायचं

कडोली, उचगाव, येळ्ळूर, आपल्याकडं बेळगाव भागात गावोगाव साहित्य संमेलनं होतात आणि परिसंवाद आला की तो चालवणाऱ्याचं नाव कशाखाली छापायचं यावर कमिटीत अर्धा तास जातो. सूत्रसंचालक लिहिलं तर माणूस शायरी पाठ करून येतोय, अध्यक्ष लिहिलं तर शेवटी चाळीस मिनिटं भाषण ठोकतोय, दोन्ही भोगलंय.

आधी शब्द बघा. मॉडरेटर हा लॅटिन ‘मोदुस’वरनं आलाय, मोदुस म्हणजे माप. म्हणजे मापात ठेवणारा. तिकडं कारवारजवळ कैगाच्या अणुभट्टीत जड पाणी मॉडरेटर असतं, ते न्यूट्रॉनचा वेग कमी करतं आणि वेग कमी होतो म्हणूनच अणू फुटायची साखळी चालू राहते. भट्टी बंद पाडायला वेगळ्या दांड्या असतात हो!

तर पत्रिकेत सूत्रसंचालन वेगळं ठेवा आणि परिसंवादाखाली ‘चर्चा समन्वयक’ लिहा, नाहीतर सरळ मॉडरेटर. कन्नड कार्डावरनं उतरवताना जपा, त्यांचं ‘निरूपणे’ म्हणजे आपलं सूत्रसंचालन. आमच्यात एकदा तसंच ‘निरूपण’ छापलं, दोन म्हाताऱ्या कीर्तन आहे म्हणून पुढं येऊन बसल्या.

मग वक्त्यांना आदल्या दिवशी फोन करून कोण काय बोलणार विचारून घ्या, नाहीतर तिघं एकच बोलतात. चार वक्ते, एक तास असेल तर प्रत्येकी दहा मिनिटं, उरलेली वीस लोकांच्या प्रश्नांना.

खरी कसोटी पुढं. विषय ऊसदराचा असूदे, तिसरा वक्ता १९५६ च्या राज्य पुनर्रचनेवर जातोच, तिथनं सीमाप्रश्नावरचा महाजन अहवाल, आणि टाळ्या पडायला लागल्या की थांबत नाही. त्याला तोडू नका, सभा बिथरते. श्वास घ्यायला थांबला की म्हणा, “सर, ते दुखणं आपलं सगळ्यांचंच, पण कारखान्याचं बिल थकलंय त्याचं काय करायचं तेवढं सांगा.” येतोय परत. नाहीच आला तर ‘दोन मिनिटं’ लिहिलेली चिठ्ठी सरकवा.

प्रश्नोत्तरात माईक हातातनं सोडू नका, तुम्हीच धरा, नाहीतर प्रश्नाचं भाषण होतंय. गप्प बसलेल्या मागच्या बायकांकडं आधी जावा. आणि स्वतःचं मत? घरी जाऊन सांगा.

आभार पण मानू नका, ते सूत्रसंचालकाचं काम, तोवर उप्पीट गार व्हायलंय.