आगोटीची लाकडं हुकाने भरताना

आगोटीला, म्हणजे पावसाळ्याआधी, फोडलेली लाकडं खळ्यातून पडवीत न्यायची असतील तर आधी हुकाचं टोक कानशीने घासा. बाकी सगळं नंतर. गेल्या वर्षी नेमकं हेच राहिलं, बोथट टोक सालीवरून निसटलं आणि हूक सरळ नडगीवर आला.

हूक कुठला घ्यायचा? बाजारातला हमाली हूक नको. तो गोणीसाठी असतो, लांब आणि बारीक टोकाचा. सुकलेल्या ऐनाच्या ओंडक्यात तो शिरत नाही, जोर लावलात तर वाकतो. लाकडाला आखूड, जाडसर चोच लागते, आणि ती मुठीकडे बघणारी. लोहाराकडून ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा करून घ्या. बांधकामाची सळी देऊन पैसे वाचवायला जाऊ नका, तिचं टोक लगेच बसतं, म्हणजे बोथट होतं. पाणी, म्हणजे तापवून बुडवून आणलेला कडकपणा, फक्त टोकाला द्यायला सांगा. बाकाला, म्हणजे वळणाला, दिलंत तर हूक तिथेच तुटेल. मुठीत चारही बोटं मावली पाहिजेत. मुठीला लाल रंग फासा, नाहीतर पातेऱ्यात (पाचोळ्यात) पडलेला हूक शोधत बसाल. मनगटाला दोरी अजिबात बांधू नका. ओंडका घसरला की दोरीबरोबर हात जातो.

लोहाराकडून आजच आणलाय? तरी घासा. ग्राइंडर नको, टोक तापून निळं पडलं की पाणी उतरलं म्हणून समजा. साधी कानस, चार हात मारले की पुरे. अर्ध्या कामात एकदा पुन्हा बघायचं, कारण हूक चिऱ्यावर एकदा आपटला तरी टोक बसतं. म्हणून कानस खिशात ठेवा, घरात नव्हे.

बूट घाला. हातमोजेही.

आता काम. ढिगात हात घालायचाच नाही, त्यासाठी तर हूक. कोकणात लाकडांच्या फटीत फुरसं (विषारी साप) नाहीतर विंचू असतो, आणि दोन ओंडक्यांत बोट चेंगरणं तर नेहमीचंच. वरचं लाकूड आधी काढा. टोक लाकडाच्या कापलेल्या तोंडावर मारा, सालीवर नको. साल सुटते आणि लाकूड हातचं जातं. मारताना दुसरा हात लांब, पाय बाजूला. हूक कधीही स्वतःच्या गुडघ्याच्या रेषेत ओढू नका. (हे वाचताना हसू येतं, करताना सगळे तसंच ओढतात.) थोडं उचलून बघा, टोक धरतंय असं वाटलं तरच पूर्ण उचला. धरत नसेल तर जोर वाढवू नका, कानस काढा. सोडवताना मनगट पिळलं की टोक निघतं. लांब ओंडक्याला दोघं जण, दोन्ही तोंडांना एकेक हूक, आणि उचला म्हणणारा एकच. काजूचं ओलं लाकूड असेल तर चीक अंगाला लागू देऊ नका.

रचायचं कसं ते सगळ्यांना येतं. खाली चिरे, भिंतीपासून वीतभर अंतर, नाहीतर वाळवी भिंतीवरून येते. वर ताडपत्री, बाजू उघड्या. जूनच्या पहिल्या आठवड्याआधी आटपा.

मग हुकाला तेलाचं फडकं, टोकाला रबरी नळीचा तुकडा, आणि पोरांचा हात पोचणार नाही एवढ्या उंच खिळ्याला टांगा.