अमेरिकेत शिकताना एफ-१ स्टेटस कसं सांभाळावं

आई फोनवर पहिला प्रश्न विचारायची, "व्हिसा किती वर्षांचा आहे गं?" पाच, असं सांगितलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. मलाही तेव्हा वाटायचं, पासपोर्टवर पाच वर्षांचा शिक्का आहे म्हणजे पाच वर्षं निर्धास्त. तसं नसतं. बीकेसीतल्या कॉन्सुलेटमधून पासपोर्टवर चिकटून येतो तो व्हिसा फक्त अमेरिकेच्या दारात उभं राहून प्रवेश मागण्यापुरता. आत आल्यावर तुम्ही इथे कायदेशीर आहात की नाही, हे स्टेटसवर, म्हणजे आत आल्यावरच्या तुमच्या कायदेशीर दर्जावर ठरतं; विद्यार्थ्यांचा हा दर्जा म्हणजे एफ-१. अमेरिकेत असताना व्हिसाची मुदत संपली तरी स्टेटस शाबूत राहू शकतं. आणि व्हिसा चार वर्षं बाकी असताना एका क्लिकमुळे स्टेटस जाऊ शकतं.

नव्याने आलेल्या मुलामुलींना विमानतळावरून आणायला जाते, तेव्हा मी गाडीतच एक गोष्ट सांगून टाकते: आधी विचारा, मग करा. एफ-१च्या कितीतरी नियमांत सवलती आहेत. कोर्स कमी करता येतो, इंटर्नशिप करता येते, मुदत वाढवून मिळते. पण सगळ्या सवलती आधी मागाव्या लागतात. शुक्रवारी दुपारी विचारलं तर जी परवानगी असते, तेच काम न विचारता करून सोमवारी सांगितलं तर तो नियमभंग ठरतो.

पहिली पायरी: पोहोचल्यावरचे काही दिवस

आय-२०वर, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावर, कोर्स सुरू होण्याची जी तारीख असते, तिच्या ३० दिवसांहून आधी अमेरिकेत प्रवेश मिळत नाही, हे तिकीट काढतानाच बघा. उतरल्यावर दोन-तीन दिवसांत सीबीपी, म्हणजे सीमेवर तपासणी करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या संकेतस्थळावरून आपला आय-९४ काढा. हा तुमच्या प्रवेशाचा सरकारी दाखला. त्यावर तीन गोष्टी बोट ठेवून वाचा: नाव, प्रवेशाचा वर्ग एफ-१ आहे ना, आणि मुदतीच्या रकान्यात काय लिहिलंय. चूक दिसली तर लगेच कळवा, ती दुरुस्त करून मिळते.

नावाकडे आपल्या लोकांनी जास्त लक्ष द्यावं. आपल्याकडे पासपोर्टवर पहिल्या नावाला जोडून वडिलांचं नाव येतं. मग आय-२०वर एक, बँकेत दुसरं, सोशल सिक्युरिटी कार्डावर तिसरं असं होऊन बसतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरन् अक्षर, सगळीकडे ठेवा.

मुदतीच्या रकान्यात आतापर्यंत तारखेऐवजी 'डी/एस' लिहून येत आलं आहे. अर्थ असा, की जोवर नियमांनुसार शिकताय तोवर राहा. ऑगस्ट २०२५ मध्ये गृहसुरक्षा खात्याने हे बदलून जास्तीत जास्त चार वर्षांची ठरावीक तारीख द्यायचा प्रस्ताव मांडला. म्हणून दर वेळी देशात परतल्यावर आय-९४ नव्याने काढून बघायची सवय लावून घ्या. तारीख दिसली तर ती तारीख खरी, सीनियर काय सांगतात ते नंतर.

मग विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात जा. तिथे डीएसओ म्हणून अधिकारी असतात. तुमची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी प्रणालीत असते आणि विद्यापीठाच्या बाजूने ती तेच हाताळतात. कोर्स सुरू झाल्यापासून ३० दिवसांत तुमची नोंदणी त्यांनी सेव्हिसमध्ये करायची असते. त्यांचा ईमेल आला की त्याच दिवशी उघडा. प्राध्यापक कितीही चांगले असले तरी स्टेटसच्या बाबतीत त्यांचा शब्द चालत नाही, डीएसओचा चालतो.

दुसरी पायरी: क्रेडिट मोजत राहा

स्टेटसचा कणा म्हणजे पूर्णवेळ शिक्षण. बॅचलर्सला सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट. मास्टर्स आणि पीएचडीला किती, ते विद्यापीठ ठरवतं, बहुतेक ठिकाणी ९. ऑनलाइन कोर्स घेतलात तर या हिशेबात एकच, म्हणजे ३ क्रेडिट धरले जातात. नऊपैकी सहा ऑनलाइन घेतले तर कागदावर नऊ दिसतात, पण सेव्हिसच्या लेखी तुम्ही पूर्णवेळ नसता. शेवटच्या सेमिस्टरला एकच कोर्स उरला असेल, तर तोही ऑनलाइन चालत नाही.

माझी रूममेट कोल्हापूरची. पहिल्याच सेमिस्टरला ऑक्टोबरमध्ये अल्गोरिदमच्या मिडटर्मचा पेपर हातात आला, शंभरात एकतीस. रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून तिने तो कोर्स ड्रॉप केला. पोर्टलने एकदा विचारलं, "नक्की?" तिने होय म्हटलं. तुम्ही एफ-१वर आहात, नऊचे सहा होतायत, असं काही त्या पोर्टलने सांगितलं नाही. विद्यार्थी अमेरिकन आहे की परदेशी हे त्याला कळतच नसतं. सकाळी मी तिला धरून इंटरनॅशनल ऑफिसात नेलं. नशीब, की उत्तरार्धात सुरू होणारा आठ आठवड्यांचा तीन क्रेडिटचा एक वर्ग त्या सोमवारीच उघडत होता. तिथे नाव घातलं आणि नऊ पुन्हा भरले.

आदल्या दिवशी ती डीएसओकडे गेली असती तर कदाचित एवढं धावायची वेळच आली नसती. क्रेडिट कमी करायची अधिकृत सोय आहे. सुरुवातीला इंग्रजी, वाचनाचा भार किंवा इथली शिकवायची पद्धत झेपत नसेल, किंवा चुकीच्या पातळीचा कोर्स घेतला गेला असेल, तर एका सेमिस्टरपुरतं निम्म्यावर येता येतं, ते एका पदवीत एकदाच. आजारपणासाठी डॉक्टरांचं किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञांचं पत्र लागतं. ही सवलत एका पदवीत मिळून १२ महिन्यांपर्यंत असते, आणि गरज पडली तर त्यात क्रेडिट शून्यही चालतात. नैराश्य हेही आजारपणच आहे. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडायला लागला की चांगली चांगली मुलं खचतात आणि कुणाला सांगत नाहीत. त्यांच्यासाठी हा नियम आहे, तो वापरा. तिसरी सोय शेवटच्या सेमिस्टरची, उरलेले कोर्स कमी असतील तर. तिन्हींत डीएसओची मंजुरी सेव्हिसमध्ये चढली, मगच ड्रॉपचं बटण दाबायचं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कोर्स घेतला नाही तरी चालतं, पुढच्या सेमिस्टरला परतणार असाल तर.

कॉलेज निवडतानाही डोळे उघडे ठेवा. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर छापा पडला आणि काही भारतीय विद्यार्थ्यांच्या पायाला रेडिओ पट्टे बांधले गेले. २०१९ मध्ये मिशिगनची 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' तर सरकारी तपास यंत्रणेनेच थाटलेली निघाली. तिथे ना वर्ग होते ना शिक्षक. आय-२० मात्र मिळत होती आणि फी भरणाऱ्यांत बहुसंख्य भारतीय होते. वर्गात बसावं लागत नाही आणि पहिल्या दिवसापासून बाहेर पूर्णवेळ नोकरी करता येते, असं कुणी सांगत असेल तर तिथून मागे फिरा.

तिसरी पायरी: पत्ता

घर बदललं की १० दिवसांत नवा पत्ता कळवा. विद्यापीठाच्या पोर्टलवर पाच मिनिटांचं काम आहे. ऑगस्टमध्ये मित्राच्या हॉलमध्ये गादी टाकून राहता आणि सप्टेंबरमध्ये स्वतःच्या खोलीत जाता, तेव्हाही.

चौथी पायरी: कामाला हात लावण्याआधी

सगळ्यात महाग चूक इथे होते, म्हणून इथे थांबून वाचा.

कॅम्पसवर, म्हणजे लायब्ररी, डायनिंग हॉल, टीए-आरए (प्राध्यापकांना शिकवण्यात किंवा संशोधनात मदत) अशा कामांना सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत मुभा आहे. दोन कामं असतील तर दोन्ही मिळून २०. सरासरी काढायची नसते. या आठवड्यात २५ आणि पुढच्यात १५ केले तर पहिल्या आठवड्यात नियम मोडला. सुट्टीत पूर्णवेळ करता येतं.

कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय एक तासही नाही. देशी किराणा दुकानाचा मालक म्हणेल, रोख देतो, कुणाला कळत नाही. मित्र म्हणेल, माझ्या अकाउंटवरून डिलिव्हरी कर. भाडं थकलेलं असतं, घरून पैसे मागायची लाज वाटते, मी ते दिवस पाहिलेत. तरीही नाही म्हणा. विद्यापीठाकडे आपत्कालीन मदतनिधी असतो का ते विचारा, कॅम्पसवरची कामं शोधा. कारण कमी क्रेडिटची चूक सुधारायला वाट असते, अनधिकृत कामाने तीही बंद होते. खोलीत बसून भारतातल्या कंपनीचं फ्रीलान्स काम करणंही डीएसओला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत खुर्च्या लावणं, मोदक वाढणं, आरतीला तबला वाजवणं ही सेवा आहे, खुशाल करा. त्याच मंडळात पैसे घेऊन तबल्याचा क्लास लावलात तर ते काम झालं.

इंटर्नशिपसाठी सीपीटी, म्हणजे शिकत असतानाच कंपनीत काम करायची परवानगी असते. साधारणपणे एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर मिळते आणि इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग असावी लागते. नव्या आय-२०वर कंपनीचं नाव आणि तारखा छापून येतात. त्या तारखेच्या एक दिवस आधी कंपनीत जाऊन ट्रेनिंगला बसलात तरी ते अनधिकृत काम. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने झाली की त्या पदवीवरची ओपीटी, म्हणजे पदवीनंतर आपल्या विषयात नोकरी करायची परवानगी जाते, म्हणून मोजून वापरा.

पाचवी पायरी: आय-२०च्या तारखा आणि प्रवास

आय-२०वरची शेवटची तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवा. प्रबंध लांबला, संशोधन अडलं, तर मुदतवाढ मिळते, पण ती तारीख उलटण्याआधी. उलटल्यावर डीएसओच्या हातात फार काही राहत नाही. विद्यापीठ बदलायचं असेल तर सेव्हिसची नोंद नव्या ठिकाणी हलवावी लागते, आणि नवीन कोर्स पाच महिन्यांच्या आत सुरू व्हावा लागतो.

दिवाळीला किंवा भावाच्या लग्नाला घरी जाताना आय-२०च्या दुसऱ्या पानावर डीएसओची ट्रॅव्हल सही आहे का बघा. ती वर्षभर चालते, ओपीटीवर सहा महिने. व्हिसा संपला असेल तर परतण्याआधी नव्याने स्टॅम्पिंग करावं लागेल, तेवढे दिवस हातात ठेवूनच तिकीट काढा. पासपोर्टची मुदतही इथे असताना संपू देऊ नका. शिक्षण मध्येच सोडून पाच महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सहसा नवी आय-२० लागते.

सहावी पायरी: कर आणि कायदा

एक डॉलरही कमावला नसेल तरी दरवर्षी अमेरिकेच्या करखात्याकडे फॉर्म ८८४३ भरायचा, १५ जूनपर्यंत. पगार मिळाला असेल तर १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर, म्हणजे अनिवासींचं विवरणपत्र. बाजारातली बरीचशी सॉफ्टवेअर साधा १०४० भरून मोकळी होतात, तो रहिवाशांचा असतो. पहिली पाच कॅलेंडर वर्षं विद्यार्थी सहसा अनिवासी धरले जातात. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शनही (उत्पन्नातून मिळणारी ठरावीक वजावट) घेता येतं, ते सोडू नका.

दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेलं, तर खटल्याचा निकाल लागायच्या आधीही व्हिसा रद्द होऊ शकतो. गांजा कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत दुकानात मिळतो, पण इमिग्रेशन चालतं केंद्राच्या कायद्याने आणि तिथे तो गुन्हाच आहे. २०२५ च्या वसंतात हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. कित्येकांच्या नावावर वाहतुकीच्या किंवा कधीच्याच मिटलेल्या किरकोळ बाबी होत्या. मुलं कोर्टात गेली आणि एप्रिलअखेर नोंदी परत सुरू करायला लागल्या. पोलिसांशी कुठलाही संबंध आला, तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोर्टात काही कबूल करू नका.

सातवी पायरी: पदवीनंतर

कोर्स संपला की ६० दिवस मिळतात: परत जायला, पुढच्या कोर्सला लागायला, किंवा ओपीटीचा अर्ज करायला. ओपीटीचा आय-७६५ अर्ज कोर्स संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि डीएसओने सेव्हिसमध्ये शिफारस केल्यापासून ३० दिवसांत पोहोचावा लागतो. कामाच्या परवान्याचं कार्ड हातात येऊन त्यावरची तारीख उजाडेपर्यंत काम सुरू करायचं नाही.

ओपीटीच्या १२ महिन्यांत बेरोजगारीचे एकूण ९० दिवस चालतात. दिवस कार्डावरच्या तारखेपासून मोजले जातात, शनिवार-रविवारसकट. नोकरी लागली, बदलली, सुटली, सगळं १० दिवसांत नोंदवा. नोकरी असूनही सरकारी पोर्टलवर भरली नाही, तर तिथे तुम्ही बेरोजगारच दिसता. स्टेम विषयांना (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) आणखी २४ महिने मिळतात, पण कंपनी ई-व्हेरिफाय या सरकारी पडताळणी प्रणालीत असावी लागते आणि आय-९८३ हा प्रशिक्षणाचा आराखडा भरावा लागतो.

चुकलंच तर

त्याच दिवशी डीएसओला भेटा आणि खरं ते सांगा. स्टेटस गेल्यापासून पाच महिन्यांच्या आत आय-५३९ या अर्जावर पुन्हा स्टेटस मागता येतं. चूक आवाक्याबाहेरच्या कारणाने झाली होती असं दाखवावं लागतं आणि अनधिकृत काम केलेलं नसावं लागतं. दुसरी वाट म्हणजे देशाबाहेर जाऊन नव्या आय-२०वर परत येणं. त्यात ३५० डॉलरची सेव्हिस फी पुन्हा भरायची, आणि सीपीटी-ओपीटीसाठी लागणारं शैक्षणिक वर्ष पुन्हा पहिल्यापासून मोजलं जातं. कोणती वाट धरायची हे वकिलाशी बोलून ठरवा. विद्यापीठाच्या विद्यार्थी कायदा सहाय्य केंद्रात पहिला सल्ला मोफत मिळतो का, ते विचारा. जाताना आतापर्यंतच्या सगळ्या आय-२०, सगळे आय-९४ आणि डीएसओशी झालेले ईमेल तारखेनुसार लावून न्या. म्हणूनच नवी आय-२० आली की जुनी फेकायची नाही, पहिल्यापासून सगळ्या एका फाइलीत राहू द्यायच्या.