जुनी गाडी घेताना: आधी बोजा, मग विमा

गाडी पसंत पडली, मेकॅनिकने इंजिन बघितलं, भावही जमला. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर आरसीवर, म्हणजे नोंदणीपत्रावर, अजून बँकेचा बोजा (कर्जाची नोंद)! मालक म्हणाले, "अहो, कर्ज कधीच फिटलंय." फिटलं होतंच, पण बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आरटीओत दिलेली नव्हती. बोजा असताना बँकेच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. मी टोकन देऊन बाकीचे पैसे थांबवले. त्यांनी एनओसी जोडून बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 भरला, बोजा उतरला, मग मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या.

विम्याचं मात्र लोक फार हलक्यात घेतात. थर्ड पार्टी कव्हर (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचं) कायद्याने गाडीबरोबर येतं. आपल्याच गाडीच्या नुकसानीचं कव्हर येत नाही. त्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. मी आरसीची वाट न बघता फॉर्मच्या प्रती जोडून लगेच अर्ज दिला. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्यांच्याकडेच राहतो, म्हणून तेवढा फरक भरला. एजंट म्हणतील, "रिन्यूअलला नाव बदलू." अजिबात ऐकू नका. मधल्या काळात गाडी ठोकली तर क्लेम कोणाच्या नावाने करणार?