होल्डर चांगला, जागा चुकीची: बाइकवर मोबाइल लावताना या चुका टाळा

मोबाइल होल्डर आता बेळगावात कुठेही मिळतो. दोन-तीनशे रुपयांपासून चार-पाच हजारांपर्यंत, रबरी पकडीचा, पंज्याचा, चुंबकाचा, पावसाच्या पिशवीचा. घेणारा माणूस कोणता घ्यावा यावर आठवडाभर व्हिडिओ बघतो. तो कुठे बसवायचा हे मात्र दुकानातला पोरगा दोन मिनिटांत ठरवतो, आणि पाना जिथे सहज पोचतो तिथे आवळून टाकतो. मग फोन वळतो, कॅमेरा थरथरतो, चार्जिंग होत नाही, आणि खापर होल्डरवर फुटतं. माझ्या मते यातल्या बहुतेक तक्रारी जागेच्या असतात. म्हणून आधी जागा बघू.

नजर किती खाली जाते ते न बघणं

गाडी मेन स्टँडवर घ्या, नेहमीचं हेल्मेट घालून बसा आणि समोर लांब बघा. आता मान न हलवता फक्त डोळे खाली न्या. स्क्रीन दिसली तर जागा बरोबर. हनुवटी खाली घ्यावी लागली तर चुकली. फुल फेस हेल्मेटचा हनुवटीकडचा भाग बराच झाकतो, त्यामुळे टाकीवरच्या बॅगेच्या प्लास्टिक कप्प्यात ठेवलेला फोन उभ्या गाडीवर छान दिसतो आणि चालत्या गाडीवर डोकं वाकवल्याशिवाय दिसत नाही. स्कूटरच्या पुढच्या खणात टाकलेल्या फोनचं तर बोलायलाच नको.

हिशेब साधा आहे. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला साधारण १६-१७ मीटर जाते. मान वाकवून, डावीकडे वळायचं की सरळ जायचं हे वाचून, परत वर बघायला दोन सेकंद लागले तर ३३ मीटर अंतर तुम्ही न बघता कापलं. उसाच्या हंगामात चिकोडी, संकेश्वर, निपाणी, अथणी या भागात रात्री गाडी चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको: मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या. ३३ मीटरमध्ये त्या सहज मावतात.

उंचीचं दुसरं टोकही चुकीचंच. फोन इतका वर आला की स्पीडोमीटर, इंडिकेटरचा दिवा, अप्परचा निळा दिवा झाकला जातो. मग इंडिकेटर चालूच ठेवून माणूस हिंडलग्यापासून कॅम्पपर्यंत येतो आणि मागचे हॉर्न का वाजवतायत हे त्याला कळत नाही. चावीचं भोक झाकलं जातंय का, तेही बघा. रोज चार वेळा फोन काढून चावी लावायचा कंटाळा आला की लोक होल्डरच काढून टाकतात.

यावर बिनखर्चाचा उपाय आहे. फोनच्या मापाचा जाड पुठ्ठा कापा, केस लावलेल्या फोनएवढा, आणि डिंकाच्या पट्टीने तो हवा त्या जागी चिकटवा. पुठ्ठा तिथेच ठेवून दोन-तीन दिवस रोजचं काम करा. टिळकवाडीचं रेल्वे गेट, गणपत गल्लीची गर्दी, घराच्या बोळात गाडी मागे घेणं, सगळं. पुठ्ठा ज्या ज्या ठिकाणी आडवा येईल, फोनही तिथेच आडवा येणार. हे झाल्यावर पैसे खर्च करा.

हँडल पूर्ण न वळवता बोल्ट आवळणं

आमच्याकडचे जुने मिस्त्री पहिला प्रश्न हाच विचारतात, "हँडल वळवून बघितलासा काय ओ?" सरळ हँडलवर सगळंच छान बसतं. पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवल्यावर तीन गोष्टी तपासा. फोनचा कोपरा टाकीला टेकतो का. क्लच किंवा ब्रेकचा लिव्हर पूर्ण दाबताना बोटं होल्डरला अडतात का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ॲक्सिलरेटरची केबल ओढली जाते का.

तिसऱ्याची खूण ओळखायला सोपी आहे. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवा आणि हँडल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. इंजिनाचा आवाज चढला तर क्लॅम्पने किंवा चार्जरच्या वायरने केबल अडकवली आहे. शहापूर, वडगावच्या अरुंद गल्लीत यू-टर्न घेताना गाडी आपोआप पुढे झेपावते ती यामुळे. अशा गाडीवर बाहेर पडूच नका, आधी क्लॅम्प सरकवा.

मध्यभागी जागा मिळत नसेल तर मी डावी बाजू निवडेन. उजवीकडे बहुतेक गाड्यांना पुढच्या डिस्क ब्रेकच्या ऑइलची डबी असते, तिथे जागा आधीच कमी. शिवाय थांबून स्क्रीनला हात लावायचा झाला तर डावा हात मोकळा करणं बरं. उजव्या हातात ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही असतात. चालत्या गाडीवर मात्र कोणत्याच हाताने लावू नका.

थरथर: कॅमेरा जातो तो इथे

चांगल्या फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात भिंग तरंगतं असतं. तुमचा हात हलला की फोनमधला जायरोस्कोप ते ओळखतो आणि भिंग उलट दिशेला सरकवून चित्र स्थिर ठेवतो. हे नाजूक काम बारीक चुंबक आणि कॉइल करतात. इंजिनाची सततची, ठरावीक वेगाची थरथर तासन्‌तास त्यांच्यापर्यंत पोचली तर ती व्यवस्था बिघडते. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या ग्राहकांना हे लेखी सांगितलं: मोठ्या ताकदीच्या मोटरसायकलच्या हँडलला किंवा चासीला आयफोन थेट लावू नका, आणि मोपेड-स्कूटरवरही थरथर शोषणारा होल्डर वापरा. अँड्रॉइडवाल्यांनी खूश होऊ नये. ज्या फोनमध्ये असं तरंगतं भिंग आहे, त्या सगळ्यांना हाच धोका.

आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एक सिलिंडरच्या. त्यांची थरथर ठरावीक आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या ठरावीक फेऱ्यांना, एकदम वाढते, मग पुन्हा कमी होते. ती आरसा बघून ओळखा: ज्या वेगाला आरशातली मागची गाडी धूसर होते, तो वेग तुमच्या फोनलाही वाईट. हायवेवर कागलपासून बेळगावपर्यंत तुम्ही नेमक्या त्याच वेगाने येत असाल तर फोनला तासभर विश्रांती नाही.

जागेचा संबंध असा. हँडल मधोमध धरलेलं असतं आणि टोकं मोकळी असतात, म्हणून मुठीकडे जाल तशी थरथर वाढते आणि मधल्या क्लॅम्पजवळ ती सगळ्यात कमी. त्यावर लांब दांडीचा होल्डर लावला की दांडीच्या टोकाला ती पुन्हा वाढते. थोडक्यात, मध्ये आणि आखूड. शक्य असेल तर होल्डर आणि फोनमध्ये थरथर शोषणारा रबरी डॅम्पर टाका. चांगल्या कंपन्या तो वेगळा विकतात. डॅम्परचं रबर टणक झालं, भेगा पडल्या की बदला.

बिघाड झालाय का हे कसं कळेल? फोन टेबलावर टेकवून स्थिर ठेवा आणि मुख्य कॅमेरा उघडा. चित्र आपोआप लाटेसारखं हलत असेल, भिंगाकडून बारीक गुणगुण येत असेल, आणि अल्ट्रा-वाइड कॅमेऱ्यावर गेल्यावर चित्र शांत होत असेल, तर संशय पक्का. अल्ट्रा-वाइडला बऱ्याच फोनमध्ये तरंगतं भिंग नसतं, म्हणून हा फरक दिसतो. सॉफ्टवेअर अपडेटने हे सुधारत नाही, कॅमेरा बदलावा लागतो.

महागडा फोन असलेल्यांना माझा सल्ला वेगळाच आहे. घरात कपाटात एखादा जुना हँडसेट पडलेला असतोच. नवा फोन खिशात ठेवा, त्याचा हॉटस्पॉट चालू करा आणि जुना हँडलवर लावा. जुन्याचा कॅमेरा गेला तरी घरात भांडण नाही.

मापाचा घोळ

साध्या कम्यूटर गाड्यांचं हँडल बहुधा २२ मिलिमीटरचं असतं. काही क्रूझरना २५.४, म्हणजे एक इंच, आणि जाड टेपर हँडल, म्हणजे टोकाकडे बारीक होत जाणारं, मध्यभागी २८ मिलिमीटरच्या वर जातं. मोठ्या मापाचा क्लॅम्प बारीक हँडलवर आवळला की आधी पकडल्यासारखा वाटतो आणि खानापूर रोडच्या तिसऱ्या खड्ड्यात फोन नमस्कार घालतो. सोबतची रबरी पट्टी हरवली असेल तर जुन्या ट्यूबचा तुकडा चालतो. फरक जास्त असेल तर उद्यमबागेत आपल्या ओळखीचा टर्नर असतोच. हँडलचं माप देऊन मधोमध चिरलेला नायलॉनचा बुश, म्हणजे हँडलवर बसणारी कडी, काढून घ्या. रबराचे चार थर गुंडाळण्यापेक्षा ते कितीतरी बरं, कारण रबर उन्हात मऊ पडतं आणि पकड सुटते.

बोल्टला स्प्रिंग वायसर किंवा नायलॉनचा नट घाला. आणि बॉल जॉइंटला, म्हणजे होल्डर हवा तसा फिरवायच्या गोळ्याच्या सांध्याला, तेल-ग्रीस लावायचा मोह टाळा. तिथे घर्षणच पकड देतं. लाल मुरमाची धूळ बसून जॉइंट सरकायला लागला तर खोलून कोरड्या फडक्याने पुसा.

स्कूटर आणि क्लिप-ऑन हँडलच्या गाड्या

ॲक्टिव्हासारख्या स्कूटरचं हँडल प्लास्टिकने झाकलेलं, त्यामुळे आरशाच्या दांडीखालची पट्टी हाच सोपा मार्ग. इथे नेहमीची चूक म्हणजे आरसा न धरता नट फिरवणं. मग आरसा ढिला राहतो आणि तीन दिवसांत आकाश दाखवायला लागतो. आट्यांचं मापही आधी बघा, बाइकना बहुधा १० मिलिमीटर आणि कित्येक स्कूटरना ८. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. ताकद लावून नेहमीच्या दिशेने सोडवायला गेलात तर ते सुटायच्या ऐवजी आवळतील. गाडी स्टँडवरून आडवी झाली तर आधी आरसाच टेकतो, म्हणजे तिथला फोनही, एवढं लक्षात ठेवा.

यामाहा आर१५सारख्या क्लिप-ऑन, म्हणजे दोन वेगळ्या तुकड्यांच्या, हँडलच्या गाड्यांना स्टेअरिंगच्या मधल्या पोकळ नळीत बसणारा होल्डर मिळतो. नळीचं आतलं माप घेऊनच मागवा. गाडीच्या ऐन मध्यरेषेवर, थरथर कमी, पडल्यावर फोन वाचायची शक्यता जास्त. मला विचाराल तर ज्यांच्या गाडीला हे बसतं त्यांनी दुसरीकडे बघूच नये.

पाऊस आणि ऊन, दोन्ही एकाच जिल्ह्यात

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी की पश्चिमेला कणकुंबी-जांबोटीत पाऊस थांबत नाही आणि पूर्वेला अथणीकडे एप्रिलमध्ये डांबर वितळतं. एका जागी लावलेला होल्डर दोन्हीकडे सारखा चालत नाही.

पावसात थेंब स्क्रीनला बोटासारखेच वाटतात. चोर्ला घाटात मॅप आपोआप बंद झाला, भलतंच गाव निवडलं गेलं, कुणाला फोन लागला, ही सगळी थेंबांची करामत. घाट चढायच्या आधी रस्ता लावून स्क्रीनचा स्पर्श बंद करता येत असेल तर करा. घाटात रेंज जाते, त्यामुळे तो भाग घरच्या वायफायवर आधीच ऑफलाइन उतरवून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत आतून वाफ धरते आणि चार्जिंग लावलं तर उकाडाही वाढतो. फोनवर आयपी६८ हा पाणी-धूळ रोखण्याचा दर्जा लिहिलाय म्हणून निर्धास्त राहू नका. ती चाचणी स्थिर, गोड्या पाण्यातली असते. पाऊस लागला की मी फोन जॅकेटच्या आतल्या खिशात आणि आवाजावर चालायच्या पक्षाचा आहे. हेल्मेटमध्ये ब्लूटूथ असेल तर उत्तमच. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मीटिओरवर आणलेल्या ट्रिपरसारखा बाणाचा छोटा डायलही पुरतो. पुढचं वळण कुठे, एवढंच तर हवं असतं.

उन्हात उलटा प्रकार. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला बनवलेला आहे. त्यापुढे स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. फोन विंडशील्डच्या मागे अडकवला असेल तर वारा लागत नाही, म्हणून तो आणखी तापतो. उन्हाळ्यात होल्डर काचेच्या बाहेर, वाऱ्यात आणा, आणि काळं जाड कव्हर काढा.

बाण उलटा दाखवतोय?

चन्नम्मा सर्कलला सिग्नलवर थांबलात की मॅपचा बाण गरगर फिरतो, गाडी निघाली की सरळ होतो. हे चुंबकाच्या होल्डरचं किंवा चुंबकाच्या टँक बॅगचं काम. उपग्रहाच्या सिग्नलला चुंबकाने काही होत नाही, पण फोनमधलं होकायंत्र बिघडतं. उभ्या गाडीची दिशा फोन त्यावरूनच ठरवतो. चुंबक हटवा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा.

चार्जिंग

चार्जर थेट बॅटरीला जोडू नका, चावी बंद केल्यावर बंद होणाऱ्या वायरीवर घ्या आणि मध्ये फ्यूज टाका. चार्जिंगची खूण दिसते पण टक्के उतरतात, तर बहुधा केबल हलकी आहे किंवा चार्जर कमी अँपिअरचा. वायर स्टेअरिंगच्या मानेजवळ सैल ठेवा, हँडल वळताना तीच आधी तुटते.

पोलिसांचा प्रश्न सगळेच विचारतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २१व्या नियमात २०२० साली दुरुस्ती झाली: गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतो, तोही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. होल्डरमधल्या फोनवर रील चालू असेल तर हा नियम तुमच्या बाजूने उभा राहणार नाही.

आणि गाडी वॉशिंगला देताना फोन तर काढाच, पण चार्जरच्या सॉकेटचं रबरी टोपणही लावून द्या. प्रेशरच्या पाण्याने सॉकेट आतून गंजतं आणि तक्रार दोन आठवड्यांनी येते, तेव्हा वॉशिंगची आठवण कुणालाच राहत नाही.